गहू खाऊनच द्यायची चाचणी

आपल्याकडे पोट सतत बिघडायला लागलं की कुणीतरी सांगतं, गहू सोडून बघा. माणूस पोळी सोडतो, भाकरीवर येतो, महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटतं आणि मग तो सीलिअ‍ॅक या आजाराच्या तपासणीला जातो. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. तो का येतो, हे या चाचणीच्या जन्मकथेतच दडलेलं आहे.

सीलिअ‍ॅक या आजाराचं आधुनिक वर्णन लंडनच्या सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये छापलं. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेलं, शौच पांढुरकं आणि दुर्गंधी, अशी मुलं त्यांनी बारकाईनं पाहिली होती. उपाय असलाच तर तो आहारातच सापडेल, हेही त्यांनी ओळखलं होतं. दोषी कोण, ते मात्र सापडलं नाही. पुढे 1924 मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळालं. त्या आहारातून पाव वगळलेला होता, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते गेलं हेगमधल्या बालरोगतज्ज्ञाचं. विलेम कारेल डिके यांना 1930 च्या दशकातच पावाचा संशय आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांचा संशय आणखी बळावला. पण डिके यांचं मोठेपण मला दिसतं ते त्यापुढच्या कामात. नुसतं 'बरं वाटतंय' यावर ते थांबले नाहीत. मुलांना काही काळ गहू द्यायचा, काही काळ काढून घ्यायचा, आणि दोन्ही वेळा शौचातून किती चरबी बाहेर पडते ते मोजायचं. ही मोजणी व्हॅन दे कामर या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीनं झाली. गहू दिला की चरबी न पचता बाहेर पडायची. 1950 च्या त्यांच्या प्रबंधात हे सगळं आलं. नंतर दोष गव्हातल्या ग्लुटेनचा असल्याचं सिद्ध झालं. तेच सातू आणि रायच्या बाबतीतही खरं ठरलं.

मग आतड्यात डोकावणं सुरू झालं. 1956 मध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढण्याची रीत आणली. या रुग्णांच्या आतड्यातले अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट झालेले दिसत. आज तोच तुकडा दुर्बिणीतून घेतात. 1997 मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी शरीर ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं ते विकर शोधलं, ट्रान्सग्लुटामिनेज. त्यातून आजची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आली.

चरबी मोजा, अस्तर पाहा किंवा प्रतिपिंडं तपासा. तिन्हींत शोधायचा असतो तो गव्हानं शरीरात केलेला परिणाम. गहूच थांबवला की प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येतं आणि पुरावा पुसला जातो. म्हणून तपासणीआधी किमान 6 आठवडे रोज, एकाहून अधिक जेवणांत, गव्हाचे पदार्थ खाल्लेले असावे लागतात. आधीच गहू सोडलेल्यानं तो पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना विचारावं. रक्तातलं आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडांचं एकूण प्रमाण मुळातच कमी असलेल्यांत ही तपासणी फसते, म्हणून तेही सोबत मोजून घ्यावं.

आणि जुलाब नाहीत म्हणून शंका झटकू नये. लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, खुंटलेली उंची, ठिसूळ होत जाणारी हाडं, हीदेखील या आजाराची लक्षणं असू शकतात. निदान झालंच, तर पथ्य जन्मभराचं असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ खाणाऱ्या महाराष्ट्रात ते तुलनेनं सोपं आहे. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर मागून दळलेल्या ज्वारीतही तो उतरतो, आणि डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचा मैदा असतो.