रमाबाईंचा पंथ कोणता?

धर्मांतरावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. परंतु नव्या धर्मात गेलेल्या माणसाने त्यातील कोणता पंथ आपला मानावा, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, कॅथॉलिक ही नावे बाहेरच्यांना सारखीच वाटली, तरी आत राहणाऱ्यांसाठी त्यांतील अंतर मोठे असते. पंडिता रमाबाईंना ते पहिल्याच काही वर्षांत कळून चुकले.

पुण्यातील पंचहौद भागात काम करणाऱ्या अँग्लिकन भगिनींच्या ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मनोदय सोडावा लागला. नीळकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेम्या गोरे यांच्या लिखाणाने त्यांच्या अनेक शंका फिटल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. बाप्तिस्मा म्हणजे अँग्लिकन चर्चच्या प्रत्येक मताला संमती, असे वाँटेजच्या भगिनी गृहीत धरून होत्या. रमाबाईंना ते मान्य नव्हते. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न उपस्थित केले, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत असा आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. निवारा, शिक्षण आणि मुलीचे संगोपन ज्यांच्या आधारावर चालले होते, त्यांनाच ही तरुण विधवा सविनय पण ठाम नकार देत होती, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. अशा नकाराची किंमत काय असू शकते, याची त्यांना कल्पना नसेल असे वाटत नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांच्या कार्यासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेली संस्था कोणा एका पंथाची नव्हती. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले व पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदनही धर्मोपदेशापासून अलिप्त ठेवण्याचे ठरले होते. १८९३ मध्ये त्यावरूनच वादळ उठले, तो इतिहास सर्वज्ञात आहे.

मधल्या काळात विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे सेवा केल्यावर, स्वतःचेच प्रवचन देत असताना हॅस्लमला श्रद्धेचा साक्षात्कार झाला होता. धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अद्याप गवसला नाही, ही जाणीव रमाबाईंना त्यातून झाली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी लाभलेली ही शांती कोणत्याही पंथाच्या दाखल्यावर अवलंबून नव्हती.

केडगावच्या मुक्तिसदनाची घडण याच वृत्तीतून झाली. दुष्काळातून वाचलेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे राहत. मिनी एब्रम्स या मेथडिस्ट मिशनरी रमाबाईंच्या सहकारी होत्या. १९०५ मध्ये तेथे उत्कट सामुदायिक प्रार्थनेची लाट आली. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात तिचा उल्लेख आवर्जून होतो. एब्रम्स यांनी तिच्यावर १९०६ मध्ये लिहिलेले पुस्तक चिलीतील मेथडिस्ट मिशनरी विलिस हूव्हर यांच्या पत्नीस पाठविले. १९०९ च्या सुमारास तेथेही तशीच जागृती झाली व मूळ चर्चपासून वेगळा गट निघाला. केडगावच्या प्रार्थनेने दूरदेशी नवा पंथ जन्मास घातला. रमाबाईंनी मात्र पेंटेकॉस्टल हे नाव लावून घेतले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर दोन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले आणि १९१७ मध्ये बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार वाढला नाही.

रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. प्रचलित भाषांतर सामान्य स्त्रियांना समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते.