ख्रिस्ती श्रद्धा व दैनंदिन जीवन

येशू ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने माणसाचे देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळले, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा आहे. हे तत्त्व बुद्धीला पटणे आणि त्याच्या भरवशावर आयुष्य काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ख्रिस्ती परंपरा मानते. तारण हे पुण्य साठवून मिळत नाही, ती देवाची कृपा आहे. सत्कृत्यांचे स्थान काय, यावर कॅथलिक व प्रोटेस्टंट यांचा सोळाव्या शतकापासून वाद आहे. परंतु कृपेवाचून कोणीही तरत नाही, याविषयी दोघांत दुमत नाही.

धर्म स्वीकारणे आणि ख्रिस्ताचा अनुभव येणे यांतील अंतर पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात ठळकपणे दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धांत त्यांनी निमूटपणे मान्य केला नाही. आपल्या आध्यात्मिक गुरूंशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे निवेदन त्यांनी पुढे केले. हा शोध पुरा व्हायला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे जावी लागली. दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी केडगाव येथे उभारलेले मुक्तिसदन आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर ही त्यांची उत्तरायुष्यातील कामे या अनुभवापासून वेगळी काढता येत नाहीत. श्रद्धा ही शंकेच्या विरुद्ध टोकाला असते, हा समज रमाबाईंच्या बाबतीत तरी टिकत नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची वाट निराळी. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वारकरी संतांच्या भक्तीतून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या जोडीला अभंग, पदे व भजने उपासनेत रुजली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. घरच्या प्रार्थनेत टाळ-पेटीवर म्हटले जाणारे भजन हे अनेक कुटुंबांत प्रवचनापेक्षा प्रभावी धर्मशिक्षण ठरले. ही परंपरा टिळकांच्या आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, आणि एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तने होत असत.

दिवसाची चौकट प्रार्थनेने आखली जाते. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थना सर्व पंथांत म्हणतात. प्रोटेस्टंट घरांत बायबलचा उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करण्यावर भर असतो. आजारी शेजारी, परीक्षेला बसलेली मुले, न आलेला पाऊस हे सारे तिच्यात येते. कॅथलिक घरांत संध्याकाळी कुटुंब एकत्र बसून रोझरीची माळ जपण्याची रीत आहे. रविवारी सामुदायिक उपासना असते. कॅथलिकांची मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनमध्ये होत असे. ती मराठीत आल्यावर वसईसारख्या भागात सामान्य माणसाचा तिच्यातील सहभाग वाढला. कॅथलिक सात संस्कार मानतात, तर बहुतेक प्रोटेस्टंट बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, ४० दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. या काळात खाण्यापिण्यावरील संयमाइतकेच दानाला व मोडलेले संबंध जोडण्याला महत्त्व असते.

आचरणातील सर्वांत अवघड भाग क्षमेचा आहे. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागताना इतरांना केलेल्या क्षमेचा उल्लेख येतो, त्यामुळे भाऊबंदकी वा शेजाऱ्याशी असलेले वैर ही खासगी बाब उरत नाही. त्याच्या खालोखाल कसोटी लागते ती जातीच्या प्रश्नावर. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आपली ही घडण कसलाही आव न आणता नोंदवली आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे दुभंगला. पुढे जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांना उमगले, सोवळे सुटले, आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती माणसाचे घरगुती जीवन समजून घेण्यासाठी कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा हे पुस्तक अधिक उपयोगी आहे. अर्थात सगळीकडे असे घडले नाही. अहमदनगर परिसरातील अनेक महार व मांग कुटुंबांनी ख्रिस्ती होताना समतेची अपेक्षा बाळगली होती, पण चर्चमध्येही जात काही ठिकाणी टिकून राहिली. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्यांच्यासाठी श्रद्धेचा प्रश्न शिक्षणाशी व नोकरीशी थेट जोडला गेला आहे.

श्रद्धेने सार्वजनिक जीवनात उतरावे की नाही, याविषयी ख्रिस्ती समाजात एकमत नाही. धर्मगुरूने वेदीपुरते राहावे असे मानणारे आहेत. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी याच्या उलट भूमिका घेतली. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी शेती, पाणी व झाडी वाचवण्यासाठी आणि गुंडगिरीविरुद्ध लोकांना संघटित केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन व ‘सुबोध बायबल’ हेही त्यांना त्याच सेवेचे अंग वाटत असे. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मृत्यूविषयीची दृष्टी पुनरुत्थानावरील विश्वासातून येते. अंत्यविधीत शोकाबरोबर पुन्हा भेटीच्या आशेची गीते म्हणतात. कॅथलिक २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा स्मरणदिन पाळतात. कबरी स्वच्छ करून मेणबत्त्या लावतात आणि मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण करतात. प्रोटेस्टंट कबरीवर फुले वाहतात, पण मृतांसाठी प्रार्थना करणे सहसा टाळतात. माणसाचा निवाडा त्याच्या हयातीतील विश्वासावर ठरतो, असे ते मानतात.