कणा आणि शस्त्र

वैद्यकाचा इतिहास लिहितांना आपण धाडसाचें कौतुक करतों. संयमाची नोंद क्वचितच ठेवतों. मणक्यांच्या क्षयाची कथा या दृष्टीनें मननीय आहे.

लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ मध्यें, कुबड येऊन पाय लुळे पाडणाऱ्या या रोगाचें मार्मिक वर्णन केलें. कुबडाच्या दोन्ही बाजूंस व्रण करून ते वाहते ठेवावे, हा त्यांचा उपाय. रोगाचा जंतु कॉख यांना सांपडला तो १८८२ मध्यें.

भूल आणि जंतुनाशक पद्धति हातीं येतांच शस्त्र धीट झालें. कित्येकांनीं मज्जारज्जूवरील दाब काढण्यासाठीं मणक्याची मागची कमान कापली. पण रोग असतो मणक्याच्या पुढच्या भागांत. त्यामुळें उरलासुरला निरोगी आधारच नाहींसा होई. फ्रान्सांत मेनार यांनीं फासळीच्या मुळाकडून वाट काढून गळूं रिकामें केलें. पंगु रोगी चालूं लागले. पण पुढें नाडीव्रण मिटेनात, बाहेरचे जंतु आंत शिरले, रोगी दगावूं लागले. तेव्हां मेनार यांनीं आपलीच शस्त्रक्रिया टाकून दिली. असा कबुलीजबाब देण्यास शस्त्र चालविण्याहून अधिक धैर्य लागतें.

१९११ मध्यें न्यूयॉर्क येथें अल्बी व हिब्ज यांनीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, रोगाला हात न लावतां मागील बाजूचीं हाडें सांधण्याची युक्ति काढली. अल्बी यांनीं त्यासाठीं नडगीच्या हाडाची पट्टी वापरली.

१९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें आणि पुढूनचा मार्ग पुन्हां मोकळा झाला. हाँगकाँगचे हॉजसन व स्टॉक यांनीं सडका भाग समूळ काढून तेथें फासळीचें हाड बसविलें. त्यांचा पहिला वृत्तांत १९५६ चा. यानें कुबड वाढण्यास चांगला आळा बसला. परंतु कोरियांतील तौलनिक प्रयोगांत दुसरेंही सत्य दिसलें : नियमित औषधें घेणारे बहुसंख्य रोगी, महिनोन्‌महिने अंथरुणाला न खिळतां आणि प्लास्टरच्या कवचावांचून, बरे होत होते.

मग शस्त्र कोणासाठीं? वाराणसीचे डॉ. तुली यांनीं १९७५ मध्यें मांडलेला 'मध्यम मार्ग' याचें उत्तर देतो : प्रथम औषध, पंगुत्व न हटल्यास वा वाढल्यास, किंवा औषधानें रोग न आवरल्यास, शस्त्र. ज्या देशांत रोगी पुष्कळ आणि शस्त्रगृहें थोडीं, तेथें हा विवेक केवळ काटकसर नव्हे. ज्याला शस्त्राची खरी गरज आहे त्याची पाळी वेळेवर यावी, हाही त्यांतला न्याय आहे. उशीर झाला तर गेलेले पाय परत येतीलच असें नाहीं. हात केव्हां आवरावा हें शिकण्यास शस्त्रवैद्यांना दीड-दोन शतकें लागलीं. हात केव्हां आवरूं नये, हें शिकणेंही तितकेंच अगत्याचें आहे.