एवढासा ‘ना’

दिवाळीच्या फराळाला बसलेला पाहुणा ताटावर हात आडवा धरून ‘ना, ना’ म्हणतो आणि ‘घ्या ना!’ म्हणत यजमानीण आणखी एक करंजी वाढतेच. शब्द एकच, त्याचा तो नकार, तिचा तो आग्रह! एका अक्षराच्या या शब्दाचे असे दुहेरी वागणे आजचे नव्हे.

संस्कृतातला ‘न’ हा त्याचा पूर्वज. ऋग्वेदात तो ‘नाही’ या अर्थी येतो, तसा ‘सारखा’ या अर्थीही येतो. मग ओळखावा कसा? निरुक्तकार यास्काचार्यांनी खूण सांगून ठेवली आहे. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी आला तर नकार. ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून आला तर ‘सारखा’. लोकांच्या बोलण्यात मात्र त्याचा नकार तेवढा उरला आहे, असेही ते नोंदवतात. म्हणजे अर्थ शब्दात थोडा, त्याच्या जागेत फार!

इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ‘नातरी’ पदोपदी भेटतो. त्याचा अर्थ ‘किंवा’. एका दृष्टांताने मन भरले नाही, की ज्ञानदेव ‘नातरी’ म्हणून दुसरा पुढे ठेवतात. नकाराच्या पोटी पर्याय जन्मला!

गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीजांचा अंमल होता. कोकणीत ‘ना’ म्हणजे नाही. पोर्तुगीजांचा ‘ना’ म्हणजे ‘आत’. त्यांचे ‘ना इग्रेझा’ म्हणजे ‘चर्चमध्ये’; कोकणी कानाला मात्र आधी नकारच ऐकू यावा! रशियन माणूस वस्तू पुढे करून ‘ना’ म्हणतो, म्हणजे ‘हे घे’. जपानीत ‘ना’ म्हणजे नाव. पण तोच क्रियापदाच्या शेवटी लागला, की ‘करू नकोस’.

हे सारे वाचताना मला मात्र आमचे माजघर आठवते. थोरल्या ताईला वडीलधाऱ्यांनी विचारले होते, “स्थळ पसंत आहे ना?” ताई खाली मान घालून गप्प राहिली आणि घरात पेढे वाटले गेले. मी लहान होतो. पेढा खाऊन मोकळा झालो. आज कळते, प्रश्नाच्या शेपटीला बसलेल्या त्या ‘ना’ने ताईच्या ओठांवरचा ‘ना’ आधीच काढून घेतला होता.

वाचकहो, यंदा घरात कुणाला मनातले विचारायचे झाले, तर शेवटचा ‘ना’ तेवढा गाळून विचारा. करंजीच्या आग्रहाला तो राहू द्या!