मुठीखालचा म्हातारा

काठीवर तोंड कोरायचं मनात आलं, की हात आधी पेन्सिलीकडे जातो. माझाही गेला. सागाची जुनी काठी, जाडी जेमतेम इंचभर. वरच्या टोकाला एक दाढीवाला म्हातारा रेखाटला, मग काठी नेहमीसारखी धरून पाहिली. म्हाताऱ्याचे डोळे तळहाताखाली गडप आणि नाक नेमकं बोटांच्या बेचक्यात! आधी मूठ कुठे पडते ते बघायचं, मग उरलेल्या जागेत तोंड बसवायचं, हा पहिला धडा. आपल्या भाषेला तो केव्हाचा पाठ आहे. 'काष्ठा'ची काठी झाली, 'यष्टी'ची प्राकृतात 'लट्ठी' होऊन पुढे लाठी झाली. पण धरायच्या भागाला आपण मूठ म्हणतो, म्हणजे थेट 'मुष्टी'. हाताचंच नाव लाकडाला.

मुठीचा हा हिशेब सगळ्यांत निष्ठुरपणे मांडला तो इजिप्तच्या कारागिरांनी. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर सापडली, तिच्यात सुमारे १३० काठ्या आणि दंड निघाले. त्यांतल्या काही काठ्यांचं टोक वाकवलेलं आहे आणि त्या बाकात कैदी कोरलेले आहेत: हात मागे बांधलेले, पाठीतून कमान झालेले. एका काठीवर असे दोघे आहेत, एक आशियाई, एक नुबियन. अंगावर सोन्याचा पत्रा. आशियाई माणसाचं तोंड हस्तिदंताचं, नुबियनाचं काळ्याभोर आबनुसी लाकडाचं. हे वाकडं टोक खाली ठेवून राजा चालला, की दोघांची तोंडं धुळीत. त्याच राजाच्या पायताणांवर आणि पाय ठेवायच्या चौरंगावरही शत्रूच चितारलेले आहेत, म्हणजे हा सुताराचा लहरीपणा नव्हता. तोंड कोणाचं यापेक्षा ते काठीच्या कुठल्या टोकाला आहे, यात सगळा अर्थ होता. कोरीवकाम इतकं नाजूक आहे की क्षणभर त्यातला क्रूरपणा विसरायला होतं, आणि मग आपलीच आपल्याला लाज वाटते. त्याच कबरीत काठी म्हणून एक साधा बोरूही सोन्याचांदीने मढवून ठेवलेला होता. महाराजांनी तो स्वतःच्या हाताने कापला, अशी नोंद त्याच्यावर आहे. मला तो जास्त आवडतो.

युरोपात अठराव्या शतकात कमरेची तलवार मागे पडली आणि साहेबाच्या हातात काठी आली. मग मुठींना कुत्र्याघोड्यांची डोकी बसली, विदूषकांची बसली. पुढे तर बटण दाबलं की जीभ बाहेर काढणारी तोंडंही निघाली. करमणूक म्हणून ठीक, पण चालताना ती सगळी तळव्याखालीच.

आजचे हौशी कोरणारे, विशेषतः अमेरिकेतले, तोंड मुठीच्या खाली उतरवतात. तिथे बहुतेक वेळा भेटतो तो एकच लांब दाढीचा म्हातारा. 'वुड स्पिरिट' हे त्याचं नाव. एवढे म्हातारेच का? कारण काठीला रुंदी नाही, लांबी हवी तेवढी आहे. दाढी आणि जटा लाकडाच्या तंतूंबरोबर उभ्या धावतात, पटाशी सहज सरकते. ओठ आणि पापण्या तंतूंना आडव्या जातात, तिथेच कपचा उडतो.

आखणीसाठी कागदाची पट्टी काठीभोवती गुंडाळावी. इंचभर काठीचा घेर सुमारे ८ सेंटिमीटर भरतो. पट्टीची चौघडी घालून काठीवर चार खुणा करायच्या; त्यांतली एक नाकाची मधली रेघ. सपाट कागदावर चितारलेलं तोंड तसंच काठीवर चिकटवलं, तर कान मागच्या बाजूला जातात आणि डोळे एकमेकांची तोंडं बघायची सोडून देतात. म्हणून मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी दोन उतरते सपाट काप घ्यायचे. ते मिळतात त्या धारेवर नाक, उतारांवर डोळे आणि गाल. मग केस संपतात तिथून भुवया, भुवयांपासून नाकाचा तळ, तिथून हनुवटी, असे सारखे तीन भाग. हनुवटी दाढीत बुडवली तरी मोजताना ती धरायचीच.

एक सल्ला चीनमधला, दोन हजार वर्षांहून जुना. हान फेइच्या ग्रंथात तो नोंदलेला आहे: कोरताना नाक मोठं ठेवा आणि डोळे लहान. मोठं नाक लहान करता येतं, लहान डोळा मोठा करता येतो. उलटं काही जमत नाही.

माझ्या म्हाताऱ्याचं तोंड आता मुठीखाली चार बोटं आहे. नाक अजून बटाट्याएवढं ठेवलंय.