तिसऱ्यांदा आलं की बघू

आजचा प्रश्न: दोन ठिकाणी सारखाच कोड दिसला, की लगेच कॉमन फंक्शन काढायचं का?

प्रश्न जुना आहे. १९४९ मध्ये केंब्रिजला मॉरिस विल्क्सच्या टीमचा एडसॅक कॉम्प्युटर सुरू झाला. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचा. भागाकार, वर्गमूळ, आकडे छापणं, हे तर बहुतेकांना लागायचंच. मग डेव्हिड व्हीलर आणि मंडळींनी तपासलेल्या सबरूटीनच्या पट्ट्यांची चक्क लायब्ररी केली. १९५१ मध्ये त्यावर पुस्तकही आलं. इथे वादच नाही, वर्गमूळ सगळ्यांचं एकच असतं.

आता ४ जून १९९६. फ्रेंच गयानामधलं कुरू, एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून आणलेलं, तिथे उत्तम चाललेलं. त्यातला एक भाग उड्डाणाआधी यंत्रणा जुळवून घ्यायचा. काउंटडाउन मध्येच थांबलं तर पटकन परत सुरू करता यावं, म्हणून एरियान ४ मध्ये तो उड्डाणानंतरही थोडा वेळ चालू ठेवायचे. एरियान ५ ला त्याची गरजच नव्हती, तरी तो तसाच आला. आणि नवं रॉकेट आडव्या दिशेनं जास्त वेग घ्यायचं. ६४ बिटांचा फ्लोट १६ बिटांच्या पूर्णांकात मावेना. बॅकअप? त्यातही तोच कोड, तोही त्याच कारणानं बंद. साधारण ४० सेकंदांत खेळ खल्लास, चार क्लस्टर उपग्रहांसकट.

ओळी त्याच होत्या, त्यामागचं गृहीतक बदललं होतं.

१९९९ मध्ये हंट आणि थॉमस यांनी 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर'मध्ये डीआरवाय मांडलं. लोक ते 'ओळी रिपीट करू नका' असं वाचतात. त्यांचा रोख मात्र माहितीच्या, नियमाच्या पुनरावृत्तीवर होता. त्याच वर्षी मार्टिन फाउलरच्या 'रिफॅक्टरिंग'मध्ये डॉन रॉबर्ट्सचा नियम आला: एकदा लिहा, दुसऱ्यांदा नाक मुरडून रिपीट करा, तिसऱ्यांदा आलं की रिफॅक्टर करा. मला हा जास्त पटतो, कारण दोन उदाहरणांत योगायोग कुठला आणि नियम कुठला, हे कळतच नाही.

मी कोड रिव्ह्यूमध्ये एकच विचारतो: उद्या यातलं एक बदललं, तर दुसरं बदलायलाच हवं का? परवाच इन्व्हॉइस आणि रिफंडचं राउंडिंग समोर आलं, ओळी अगदी जुळ्या. पण एकाचा नियम अकाउंट्सवाले ठरवतात, दुसऱ्याचा पेमेंट गेटवे. वेगळेच ठेवलेत. कॅशबॅकचं तिसरं येतंय, तेव्हा परत बसू.