नोव्हेंबरमधला एक रविवार

गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायला जरा लाज वाटतेय. मंडळी, मी कॅटचा अभ्यास करतोय. वय वर्षं अठ्ठावीस, नोकरीची सहा वर्षं झाली, आणि शनिवारी सकाळी लोक सिंहगडावर पिठलं-भाकरी खात असताना मी "पाच मित्र गोल टेबलाभोवती बसले आहेत, अ च्या शेजारी ब नाही" असली कोडी सोडवत बसलेला असतो. परवाच्या मॉक टेस्टला ८१ पर्सेंटाइल आले. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "अरे वा, डिस्टिंक्शन!" तिला पर्सेंटाइल समजावून सांगायचं धैर्य झालं नाही.

अभ्यास टाळण्याचा माझा आवडता उपाय म्हणजे त्या विषयाचा इतिहास वाचणं. इंजिनिअरिंगला असताना कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरच्या आदल्या रात्री मी तारायंत्राचा इतिहास वाचत बसलो होतो, त्याचे परिणाम गुणपत्रिकेत आहेतच. असो. तर या खेपेला शोध असा होता की ही परीक्षा आली कुठून? आणि ज्या दारासमोर आपण सगळे रांग लावून उभे आहोत, ते दार बांधलं कोणी?

गोष्ट १९५९ मध्ये सुरू होते. नियोजन आयोगाने कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स यांना भारतात बोलावलं. पंचवार्षिक योजना जोरात होत्या, पोलादाचे कारखाने, धरणं, खतप्रकल्प उभे राहत होते, पण ते चालवणार कोण? व्यवस्थापनाचं शिक्षण अगदीच नव्हतं असं नाही. जमशेदपूरला एक्सएलआरआय १९४९ पासून होती, कलकत्त्यात १९५३ मध्ये एक संस्था निघाली होती. पण अखिल भारतीय पातळीवर, सरकारने पाठीशी उभं राहून काढलेलं असं काही नव्हतं. रॉबिन्स यांनी अशी संस्था काढा म्हणून शिफारस केली आणि फोर्ड फाउंडेशनने पैशाचा हात दिला. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याची आयआयएम निघाली, डिसेंबरमध्ये अहमदाबादची.

आता आपल्या लोकांनी इथे एक उसासा सोडायला हरकत नाही. ही दुसरी संस्था आधी मुंबईत काढायचं घाटत होतं! उद्योगधंद्याची राजधानी, बंदर, विद्यापीठ, सगळं हाताशी. पण विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी गुजरात सरकार आणि अहमदाबादचे गिरणीमालक यांची अशी काही मोट बांधली की संस्था तिकडे गेली. ज्या माणसाला आपण अवकाश संशोधनासाठी ओळखतो त्याने फावल्या वेळात (!) हेही केलं. सुरुवातीची काही वर्षं साराभाईच तिथे मानद संचालक होते. मुंबईला मग १९६३ मध्ये पवईला नीटी मिळाली आणि १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज काढलं. 'जेबीआयएमएस'चं नाव आजही मराठी घरांत आयआयएमच्या बरोबरीने घेतलं जातं, पण पाटी वेगळी ती वेगळीच. गंमत म्हणजे याच नीटीचं २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून 'आयआयएम मुंबई' असं बारसं झालं. म्हणजे १९६१ मध्ये हुकलेली गाडी बासष्ट वर्षांनी मिळाली. (तोवर नागपूरने २०१५ मध्येच आपली आयआयएम मिळवली होती. विदर्भावर अन्याय झाला म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

दोन्ही संस्थांचे स्वभाव पहिल्यापासून वेगळे. कलकत्त्याचं सहकार्य एमआयटीशी, त्यामुळे तिकडे आकडेमोड. अहमदाबादचं हार्वर्डशी, त्यामुळे केस स्टडी. कलकत्त्याचे वर्ग सुरुवातीला बराकपूर ट्रंक रोडवरच्या 'एमराल्ड बॉवर' नावाच्या जुन्या वाड्यात भरायचे. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी मध्ये पडून लुई कान या अमेरिकन वास्तुकाराला आणलं. ती लाल विटांची, मोठाल्या गोल झरोक्यांची इमारत कोचिंग क्लासच्या प्रत्येक जाहिरातीत असते. माझ्या डेस्कटॉपवरही आहे, खोटं कशाला बोलू.

पण या सगळ्यात मला भेटला तो माणूस म्हणजे रवी मथाई. भारताचे अर्थमंत्री राहिलेल्या जॉन मथाई यांचा मुलगा. १९६५ मध्ये अहमदाबादचा पहिला पूर्णवेळ संचालक झाला तेव्हा वय अडतीस. डॉक्टरेट नाही. ऑक्सफर्डची बीए, कलकत्त्यात कंपनीतली नोकरी, मग तिथल्याच आयआयएममध्ये शिकवणं, एवढ्या भांडवलावर त्याने ती संस्था उभी केली. आणि १९७२ मध्ये, अजून कितीतरी वर्षं खुर्चीत बसता आलं असतं तेव्हा, संचालकपद सोडलं आणि त्याच संस्थेत साधा प्राध्यापक म्हणून राहिला. पुढे राजस्थानातल्या जवाजा भागात जाऊन विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर काम केलं. आपल्या ऑफिसात टीम लीडचा मॅनेजर होऊन पुन्हा कोड लिहायला बसलेला एक तरी माणूस पाहिलाय का कोणी? मी तरी नाही.

आणि हो, मथाई आजचा फॉर्म भरता तर त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं असतं का? आज बहुतेक आयआयएम नुसत्या कॅटवर बोलावत नाहीत. दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवीचे गुण, नोकरीचे महिने, सगळं एका सूत्रात घालून एक आकडा काढतात. मला दहावीला इतिहासात कमी गुण होते. (हसू नका.) अठ्ठाविसाव्या वर्षी मी त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या सनावळ्यांचं काय करू?

बरं, परीक्षा. तिचं मूळ अमेरिकेत आहे. हार्वर्डने १९०८ मध्ये जगातला पहिला एमबीए अभ्यासक्रम काढला, तेव्हा मुलं मिळवायची पंचाईत होती, गाळायची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारी पैशाने शिकायची सोय झाली आणि अमेरिकन कॉलेजं भरून वाहू लागली. १९५३ मध्ये हार्वर्ड, कोलंबिया धरून नऊ बिझनेस स्कूल ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेबरोबर बसली आणि १९५४ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. तीच पुढे १९७६ मध्ये जीमॅट झाली. १९९७ पासून ती संगणकावर आली, तीही हुशारीने. तुम्ही बरोबर उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न अवघड, चुकलात की सोपा. आपल्या बायनरी सर्चचाच भाऊबंद म्हणा ना. मजा अशी की या प्रकाराला 'कॉम्प्युटर अ‍ॅडॅप्टिव्ह टेस्ट' म्हणतात, म्हणजे आद्याक्षरांनी कॅट! आणि आपली कॅट संगणकावर असूनही तसली नाही. तिच्यात एका सत्रातल्या सगळ्यांना तेच प्रश्न.

आपली कॅट १९७० च्या दशकातली. अनेक वर्षं ती कागदावर व्हायची, एचबी पेन्सिलने गोल काळे करून, नोव्हेंबरातल्या एका रविवारी. आत काय असेल ते आधी सांगायचं नाही हा आयआयएमवाल्यांचा लाडका छळ. २००३ मध्ये प्रश्न १५०, २००४ मध्ये १२३, २००५ मध्ये ९०, २००६ मध्ये ७५ आणि वेळ अचानक अर्धा तास जास्त. म्हणजे परीक्षेची पहिली परीक्षा हीच की पाकीट फोडल्यावर तुम्ही किती घाबरता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. माझा मामा.

२३ नोव्हेंबर २००३. रविवार. मामा तेव्हा सव्वीस वर्षांचा, पुण्यात प्रोग्रामर. वर्षभर रोज पहाटे साडेचारला उठून अभ्यास केला होता, आजी अजून ते कौतुकाने सांगते. पेपर देऊन मित्रांबरोबर मिसळ खायला गेला. संध्याकाळी घरी आला तर टीव्हीवर बातमी, पेपर फुटला होता. सीबीआयने आदल्या रात्री दिल्लीत टोळी पकडली होती आणि सव्वा लाखाहून जास्त मुलांची परीक्षा त्याच दिवशी रद्द झाली. फेरपरीक्षा १५ फेब्रुवारी २००४ ला. मधल्या काळात आणखी एक तमाशा झाला. केंद्र सरकारने आयआयएमची वार्षिक फी दीड लाखावरून तीस हजारांवर आणायचा आदेश काढला, त्यावरून स्वायत्ततेचं भांडण पेटलं, आणि मे मध्ये सरकार बदलल्यावर तो आदेशही गुंडाळला गेला. (आज अहमदाबादच्या दोन वर्षांचा खर्च पंचवीस लाखांच्या पुढे आहे. त्या भांडणात मी कोणाच्या बाजूने आहे हे कर्जाच्या हप्त्याचं गणित मांडल्यापासून मला कळेनासं झालंय.)

फेब्रुवारीत मामाचं प्रोजेक्ट लाइव्ह जाणार होतं. रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेला गेला, मग लग्न, मग घर, मग मुलगी. पुन्हा फॉर्म भरला नाही.

पुढे २००९ मध्ये परीक्षा संगणकावर नेली, फुटायला कागदच नको म्हणून. २८ नोव्हेंबरला सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी केंद्राकेंद्रांवरची यंत्रं आडवी पडली. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने खापर फोडलं कॉन्फिकर आणि निम्डा या व्हायरसांवर. निम्डा हा २००१ चा! देशातली सगळ्यात मानाची परीक्षा आठ वर्षं जुन्या किड्याने पाडली. ज्याने कधी प्रोडक्शनवर रिलीज केलाय त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. कित्येकांना जानेवारी २०१० मध्ये परत बसावं लागलं. हळूहळू घडी बसली. आता एकाच रविवारी तीन सत्रं, तीन विभाग, प्रत्येकी चाळीस मिनिटं. सत्रांची काठिण्यपातळी सारखी नसते म्हणून गुणांचं सामान्यीकरण करतात.

पर्सेंटाइलचंही बघा. तुम्हाला किती येतं हे तो आकडा सांगत नाही, फक्त तुमच्या मागे किती जण उभे आहेत एवढंच. २०२४ मध्ये साधारण २ लाख ९३ हजार जण बसले आणि १४ जणांना शंभर पर्सेंटाइल. बातमीत त्यांचे फोटो, त्यातले तेरा अभियंते. पण शंभर म्हणजे शंभर नव्हेच, ९९.९९५ च्या वरचं सगळं शंभर धरतात. २ लाख ९३ हजारांचे ०.००५ टक्के काढा, येतात १४ आणि वर थोडे. म्हणजे 'शंभरवाले किती' हे परीक्षेच्या आधीच जवळजवळ ठरलेलं असतं! हे गणित सुटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चहा करून आलो. आणि माझे ८१ म्हणजे माझ्यापुढे पंचावन्न हजार माणसं. वानखेडे स्टेडियम भरूनही बाहेर रांग उरेल.

परवा मामाला फोन केला. तो आता अठ्ठेचाळीसचा, हिंजवडीतच, चांगल्या पदावर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "मामा, तो रद्द झालेला पेपर तुला कसा गेला होता रे?"

जरा वेळ तिकडून काही नाही. मग म्हणाला, "चांगला गेला होता. त्या दिवशी सगळं सुचत होतं बघ. एक आकृतीवाला सेट होता, तो तर चार मिनिटांत सुटला." आणि मग त्याने तो सेट मला सांगितला. बावीस वर्षांनी, आकृतीसकट.

त्या उत्तरपत्रिका कोणी तपासल्याच नाहीत, त्यामुळे त्याला किती मिळाले असते हे कोणालाच कळणार नाही.

"तू भरलास का फॉर्म?" त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, 'एमबीए का करायचंय' याचं उत्तर सापडत नाहीये. तो म्हणाला, "ते मुलाखतीत विचारतात रे. फॉर्मात नाही."

शेवटची तारीख जवळ आलीये. फॉर्म अर्धा भरून झालाय, कामाचे महिने, दहावीचे गुण (इतिहासासकट) सगळं टाकलं. परीक्षेच्या शहरांचे पसंतीक्रम राहिलेत. पहिलं पुणे, दुसरं मुंबई. पुढच्या रकान्यांत काय टाकू याचा विचार करतोय, सोलापूरला मावशी आहे, म्हणजे आदल्या रात्रीच्या जेवणाची तरी सोय होईल.